बांधावरचं कटुर्लं वावरात: सातपुड्याच्या पायथ्याचं एक प्रकरण

गावाचं नाव आणि ओळख पटेल असे तपशील गाळले आहेत. शेतकऱ्याला इथे आप्पा म्हटलं आहे आणि पाड्यावरून रानभाजी आणणाऱ्या बाईंना मावशी. खान्देशात गल्लीगल्लीत एक आप्पा असतो, तेव्हा कोणी शोधायला जाऊ नये.

पार्श्वभूमी

चोपडा-यावलच्या पट्ट्यात तापीकडून सातपुड्याकडे निघालं की जमीन लवकर बदलते. नदीकडे काळी, खोल, केळीची जमीन. डोंगराकडे मुरूम आणि गोटे. आप्पांचं वावर या दोन्हींच्या सीमेवर आहे. खालच्या तुकड्यात केळी आणि कापूस, वरच्या मुरमाड तुकड्यात उडीद-तूर, तीही पाऊस बरा झाला तर.

पावसाळा लागला की वरच्या पाड्यांवरच्या पावरा आदिवासी बाया आठवडे बाजारात कटुर्ली, म्हणजे करटोली, घेऊन येतात. पाटीत हिरवी, काटेरी, बोराहून थोडी मोठी फळं. वाटे लावून विकायची. श्रावणात मटण-मासळी बंद होते, कानबाईच्या सणाला घरोघर पाहुणे येतात आणि भाव चढतो. "मटण परवडलं" हा विनोद दरवर्षी नव्याने होतो. कांदा, हिरवी मिरची, वरून शेंगदाण्याचा कूट, एवढ्यावर होणाऱ्या भाजीला लोक किलोमागे दोनशेच्या वर मोजतात, हे आप्पा बरीच वर्षं पाहत होते. केळीचा भाव पडलेल्या एका वर्षी त्यांनी गटाच्या बैठकीत विषय काढला: "रानमा फुकट येस, मंग वावरमा का येवाव नही?"

माझं काम या भागातल्या भाजीपाला गटांबरोबरचं. या प्रयोगाच्या नोंदी माझ्याकडे होत्या, म्हणून हे लिहितो आहे.

अडचण

आप्पांचा प्रश्न सरळ होता, पण कटुर्ल्याने त्याचं उत्तर आपल्या स्वभावाने दिलं. कारलं आणि कटुर्लं एकाच प्रजातीतली (जीनस), मोमोर्डिका. कारल्याच्या एकाच वेलावर नर आणि मादी दोन्ही फुलं येतात, त्यामुळे बी टाकलं की कारली मिळतात. कटुर्ल्यात नर वेल वेगळा, मादी वेल वेगळा. बियांपासून रोपं केली तर साधारण निम्मी नर निघतात आणि फूल येईपर्यंत कोण काय ते कळत नाही. तोवर खत, पाणी, मांडव, निंदणी, सगळा खर्च होऊन गेलेला असतो.

दुसरी गोष्ट बियांची. कवच टणक, आणि आत सुप्तावस्था. पहिल्या पावसात काही उगवतात, काही महिनाभराने, काही पुढच्या वर्षी. रानात हे शहाणपणाचं आहे. मृगाचा पाऊस हुलकावणी देऊन गेला तर सगळी रोपं एकदम मरत नाहीत. शेतकऱ्याला मात्र एका ओळीत एका आठवड्यात उगवण हवी असते. गहू, हरभरा, मसूर यांच्या रानटी नातेवाईकांतही ही सुप्तावस्था होती. हजारो वर्षं माणूस जे लवकर उगवेल तेच पुन्हा पेरत गेला आणि ती कमी होत गेली. कटुर्ल्याबाबत ते कोणी केलेलं नाही.

तिसरी, पिकण्याची. फळ पिकलं की पिवळं-केशरी होतं, उकलतं आणि आतल्या लाल गरातल्या बिया पक्षी पळवतात. बाजाराला हवं ते हिरवं, कोवळं, आतलं बी अजून न टणकलेलं फळ. म्हणजे भाजी तोडायची तर बी मिळत नाही आणि बी धरायचं तर भाजी जाते.

वेलाची खरी शिल्लक जमिनीखाली असते. दिवाळीनंतर वेल वाळून जातो, कंद उन्हाळाभर मुरमात झोपून राहतो आणि पावसाच्या आसपास पुन्हा फुटतो. नर कंदातून नर वेल, मादी कंदातून मादी. ज्याला लागवड करायची त्याला कंदच हवा. केळीच्या मुलखात हे कोणाला समजावून सांगावं लागलं नाही. रानटी केळ्यात टणक बियाच बिया असतात, खायची केळी बिनबियांची आणि ती पिढ्यान्‌पिढ्या कंद-मुनव्यांवरच चालत आली आहे.

पण केळीचा कंद शेजाऱ्याच्या बागेतून मिळतो. कटुर्ल्याचा कंद जंगलात होता, आणि ज्या वेलाचा कंद काढायचा त्याच वेलावर कोणाची तरी पाटी भरत होती.

समोरचे पर्याय

पहिला पर्याय बियांचा: बाजारातून पिकलेली फळं घ्यायची, बी काढायचं, पेरायचं. स्वस्त, कोणाशी वाद नाही; पण निम्मे नर आणि उगवणीचा भरवसा नाही.

दुसरा, जंगलातून कंद. सगळ्यात जलद. गटातल्या बहुतेकांचा कल इकडेच होता. एक मजूर पोतंभर कंद आणून द्यायला तयारही होता.

तिसरा, सुधारित वाण. रायपूरच्या इंदिरा गांधी कृषी विश्वविद्यालयाने 'इंदिरा कंकोडा-1' नावाचा वाण दिलेला आहे. त्याचं लागवड साहित्य मागवायचं. यात शास्त्रीय बाजू भक्कम होती, पण आप्पांचं म्हणणं असं की इथलं गिऱ्हाईक इथल्या कटुर्ल्याची चव ओळखतं. या आक्षेपात तथ्य किती आणि हट्ट किती हे मला आजही सांगता येणार नाही. पण वाण मागे पडला तो त्यामुळेच.

चौथा पर्याय बैठकीत कोणी मांडलाच नाही, तो नंतर मावशींकडून आला: बांधावर, कुंपणावर, नाल्याच्या काठी आपोआप आलेले वेल हंगामात हेरायचे, चांगल्या मादी वेलांना खूण करायची आणि मालकाच्या परवानगीने फक्त त्यांचे कंद उन्हाळ्यात काढायचे.

पहिला हंगाम: पोतं आणि ग्रामसभा

गटाने पहिला आणि दुसरा पर्याय एकत्र धरला. बी पेरलं, आणि मजुराने आणलेलं पोतंही घेतलं. कंद लावले ते खालच्या काळ्या तुकड्यात, कारण ठिबक तिथे होतं. हा निर्णय सोयीचा होता आणि त्याची किंमत श्रावणात कळली. आठवडाभर झड लागली, काळ्या जमिनीत पाणी धरून राहिलं आणि कंद सडले. उकरून पाहिलं तेव्हा हाताला लगदा लागला, आंबूस वास. मुरमातून पाणी निचरून जायची सवय असलेल्या कंदाला केळीची जमीन म्हणजे डबकंच.

बियांचं त्याहून वाईट नव्हतं, पण बरंही नव्हतं. थोडं उगवलं, तेही मागेपुढे. यातून पुढे उपयोगी पडलेली एक गोष्ट आप्पांच्या सूनबाईंनी केली: उरलेल्या बियांची टोकं नेलकटरने हलकेच कापून रात्रभर भिजत घातली. त्या बिया बाकीच्यांपेक्षा लवकर आणि एकसारख्या उगवल्या. गटातले पुरुष तोवर औषधाच्या दुकानात उगवणीची पावडर विचारत फिरत होते.

खरा पेच मात्र वरच्या पाड्यावर निर्माण झाला. नाल्याच्या ज्या काठावरून पोतं भरलं होतं, तिथे त्या पावसाळ्यात मावशी आणि त्यांच्या जावा गेल्या तर जागोजाग खड्डे. बाजारच्या दिवशी मावशी आप्पांच्या ओट्यावर येऊन बसल्या. आवाज चढवला नाही. म्हणाल्या, "आप्पा, फळ नेलं तर वेल राहतो. कंद नेला म्हणजे पुढच्या सालची पाटीच नेली."

आप्पांचा पहिला बचाव होता की जंगल काही कोणाच्या सातबाऱ्यावर नाही. तो टिकला नाही. 2006 च्या वनहक्क कायद्यात गौण वनोपजाच्या व्याख्येत मुळं आणि कंद स्पष्ट येतात, आणि ते गोळा करण्याचा, वापरण्याचा, विकण्याचा हक्क त्या जंगलावर परंपरेने अवलंबून असलेल्यांचा आहे. जंगलातली जैवविविधता राखण्याचा अधिकार याच कायद्याने ग्रामसभेला दिला आहे. आप्पा त्या जंगलावर अवलंबून नव्हते; पाडा होता. गटातल्या एकाने सुचवलं की मग पाड्याकडून कंद रीतसर विकत घेऊ. कायद्याने ती वाट बंद नव्हती. मावशींना काही पैसेही मिळाले असते.

पाड्याच्या ग्रामसभेत यावर बराच वेळ गेला. दोन-तीन तरुण विकायच्या बाजूने होते, आणि त्यांचं म्हणणं उडवून लावण्यासारखं नव्हतं: आज ना उद्या कोणीतरी रात्री येऊन उकरून नेणारच, त्यापेक्षा भाव घ्या. म्हाताऱ्या बाया ऐकेनात. शेवटी ठरलं ते असं: डोंगरावरचा कंद कोणी काढायचा नाही आणि विकायचाही नाही. बी हवं असेल तर बाया निवडून देतील. कंद हवे असतील तर शेतांच्या बांधांवरचे. आणि आप्पांकडे रोपं झाली की त्यातली काही पाड्यातल्या कुटुंबांच्या वनहक्काच्या जमिनीवर लावायला द्यायची.

माझ्या मते या सगळ्या प्रकरणातला सगळ्यात महत्त्वाचा निर्णय हा होता, आणि तो शेतकरी गटाने घेतलेला नाही.

मावशींची निवड

बाया बी निवडून देतील, हे गटाला वाटाघाटीतलं गोड बोलणं वाटलं होतं. प्रत्यक्षात त्याच पावसाळ्यात पुढे मावशी आप्पांना घेऊन बांधाबांधाने फिरल्या तेव्हा चित्र वेगळं दिसलं. कोणत्या वेलाची फळं लांबट, कोणत्याची गोल आणि आत बीच बी, कोणता आधी लागतो, कोणता पोळ्यापर्यंत देत राहतो, कोणत्याला किडकी फळं जास्त, हे त्यांना वेलागणिक ठाऊक होतं. एका बोरीवर चढलेला वेल दाखवून त्या म्हणाल्या की याची फळं तोडून दोन दिवस पाटीत राहिली तरी पिवळी पडत नाहीत. बाजाराला नेणाऱ्यालाच लक्षात येईल असा हा गुण.

रानटी वनस्पती पीक होते ती पेरल्याने कमी आणि निवडल्याने जास्त. ती निवड इथे कित्येक वर्षं चालू होती, फक्त तिला जमीन मिळाली नव्हती.

दुसरा हंगाम: उपटलेले नर

बांधावरचे कंद उन्हाळ्यात काढून वरच्या मुरमाड तुकड्यात गादीवाफ्यावर लावले. बांबू आणि तारेचा मांडव केला. पावसाआधी थोडं पाणी दिलं, कंद फुटले, वेल जोमाने चढले. नेलकटरच्या बियांची रोपंही मधल्या जागांत होती.

फुलं लागली तशी आप्पांच्या मुलाने एक गोष्ट केली. त्याची सासुरवाडी शहादा भागातली, पपईवाल्यांची. पपईतही पूर्वी एका खड्ड्यात तीन-चार रोपं लावत आणि फूल आलं की नर उपटून टाकत. आताच्या तैवान जातींत तो त्रास फारसा राहिलेला नाही. मुलाने तेच इथे केलं. एका सकाळी मजूर लावून, फळ न धरणारे सगळे वेल मुळासकट काढले. मांडव मोकळा झाला, हवा खेळायला लागली, आप्पाही खूश.

पुढच्या आठवड्यापासून मादी फुलांमागची काटेरी गाठ हरभऱ्याएवढी होऊन पिवळी पडायची आणि गळायची. आधी फळमाशीचा संशय आला, सापळे लावले. मग पाणी कमी-जास्त करून पाहिलं. कृषी विज्ञान केंद्रातल्या एका तज्ज्ञांनी फोटो पाहून एकच प्रश्न विचारला: नर वेल किती ठेवलेत?

पपईवाले नर उपटत, पण दहात एखादा राखत. सासुरवाडीहून येताना तेवढा भाग गळला होता.

मग संध्याकाळची कसरत सुरू झाली. कटुर्ल्याची फुलं दिवस मावळताना उमलतात आणि रात्रीचे पतंग परागण करतात. ओळखायला सोपं: नर कळीला हिरव्या पानासारखं टोपरं असतं, मादी कळीच्या मागे चिमुकलं काटेरी फळ आधीच बसलेलं असतं. सूनबाई आणि शेजारच्या दोघी बांधावरच्या नर वेलांची फुलं ओच्यात घेऊन यायच्या, पाकळ्या मागे सारून परागाचा भाग मादी फुलाच्या टोकाला घासायच्या. एक जण बॅटरी धरायची. चिखल, डास, वर पावसाची भुरभुर. खजुराच्या बागांत माणूस हे काम मेसोपोटेमियाच्या काळापासून करतो आहे. त्यांच्याकडे निदान चिखल नव्हता.

ज्या फुलांना हात लागला त्यांची फळं धरली. हंगाम निम्मा हातचा गेला होता, तरी बाजारात न्यायला माल झाला.

इथे एक शंका नोंदवून ठेवतो. शेजारच्या कापसावर त्याच दिवसांत संध्याकाळी फवारण्या होत होत्या. पतंग कमी असण्याला त्याचा हातभार असू शकतो. तपासलं कोणीच नाही.

तिसरा हंगाम आणि बाजार

तिसऱ्या वर्षी आठ-दहा मादी वेलांमागे एक नर असा हिशेब धरला. नर वेलांच्या बुडाशी निळ्या साडीच्या चिंध्या बांधल्या, मजुराचा हात चुकून जाऊ नये म्हणून. हाताने परागण फक्त मांडवाच्या मधल्या ओळींत करावं लागलं. उत्पन्न पहिल्यांदाच मजुरी भरून वर उरलं. केळी सोडून याच्या मागे लागावं असं नाही. पण उडदाच्या मुरमाड तुकड्याने इतके पैसे कधी दिले नव्हते.

माल वाढल्यावर नवा पेच आला. आठवडे बाजारात आप्पांचे क्रेट उतरले त्या दिवशी व्यापाऱ्याने मावशींच्या पाटीचा भाव पाडला. व्यापाऱ्याचा आणखी एक सल्ला होता: क्रेटवर 'रानभाजी' लिहा, जास्त मिळतील. मुलगा तयार होता. सूनबाईंनी विरोध केला, आणि कारण व्यवहाराचं दिलं: ज्या बायांनी बी दिलं, त्यांच्याच मालाचं नाव लावून त्यांच्याच शेजारी विकायचं, तर उद्या बांधावर कोण पाऊल ठेवू देईल?

ठरलं असं की आप्पांचा माल स्थानिक बाजारात जायचा नाही, तो जळगावला पाठवायचा, 'वावरातली कटुर्ली' म्हणून. भाव रानातल्यापेक्षा कमी मिळाला. शिवाय पहिल्या तोड्यांना गिऱ्हाइकांची तक्रारही आली की फळ टपोरं आहे पण चव पांचट. तज्ज्ञांच्या सल्ल्याने युरिया जवळजवळ बंद केला, पाणी आवरलं. पुढच्या तोड्यांत तक्रार कमी झाली. मेच्या अखेरीस पाणी देऊन कंदांना लवकर फुटवे आणले तर माल डोंगरापेक्षा थोडा आधी येतो, हेही लक्षात आलं. श्रावणातली गर्दी त्यामुळे मावशींना थोडी मोकळी राहिली.

वेगळं काय करता आलं असतं

काळ्या आणि मुरमाड अशा दोन्ही जमिनींत आधी दहा-दहा कंद लावून पाहिले असते तर पोतंभर कंद सडले नसते. ठिबकची नळी वर नेण्याचा खर्च त्या नुकसानीपेक्षा कमी होता.

ग्रामसभा पोतं येण्याआधी व्हायला हवी होती. उकरलेल्या काठावर तीन वर्षांनीही वेल विरळच आहेत. ते नुकसान पाड्याने सोसलं आणि त्याची भरपाई कराराच्या कोणत्याच कलमात नाही.

सुधारित वाणाच्या दोन ओळी शेजारी लावल्या असत्या तर चवीचा वाद तोंडी राहिला नसता. आप्पा आता त्याला तयार आहेत.

नर वेल काढण्याचा निर्णय एका सकाळी, एकट्याने झाला. फुलांवर रोज काम करणाऱ्या बायांना कोणी विचारलं नाही. मांडवात काही उपटायचं तर आधी सूनबाईंना दाखवायचं, असा नियम आता घरातच झाला आहे.

सगळ्यात अवघड मुद्दा अजून लोंबकळतो आहे. बोरीवरच्या त्या वेलाचे कंद वाढून आता आप्पांकडे पुष्कळ झालेत, आणि शिरपूरकडचा एक शेतकरी ते विकत मागतो आहे. वेल वाढवला आप्पांनी, हेरला मावशींनी, आणि तो मूळ उगवला होता तिसऱ्याच माणसाच्या बांधावर. ग्रामसभेत रोपं देण्याचं ठरलं होतं, कंद विकण्याचं नाही. आप्पा म्हणतात पैशात निम्मा वाटा देतो. पाड्याचं म्हणणं आहे की आधी आमच्या जमिनींवर लागू द्या, बाहेर विकायचं नंतर बघू. बांधाच्या मालकाने अजून तोंड उघडलेलं नाही. कंद काढायचे तर पावसाआधीच काढावे लागतात, म्हणून आखाजीच्या (अक्षय्य तृतीयेच्या) दुसऱ्या दिवशी तिघांनी पाड्यावर बसायचं ठरलं आहे. शिरपूरवाल्याला तोवर थांबायला सांगितलं आहे.